जिक्र कसा सुरू करावा: झोपताना शंभर वेळा, बोटांच्या पेरांवर

एक माणूस पैगंबर मुहम्मद (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) यांच्याकडे आला आणि म्हणाला, इस्लामचे हुकूम मला फार झालेत, मला घट्ट धरून ठेवता येईल अशी एक गोष्ट सांगा. पैगंबर (स.) म्हणाले, तुझी जीभ अल्लाहच्या आठवणीने ओली राहू दे.

ही हदीस (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) तिर्मिजी आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत आहे. नव्याने दीनकडे (धर्माकडे) वळलेल्या प्रत्येकाला मी आधी हीच सांगते, कारण बहुतेकांची अवस्था त्या माणसासारखीच असते. समोर खूप काही आहे आणि कुठून धरावं ते कळत नाही.

हा लेख मराठी शाळेत शिकलेल्यांसाठी आहे. मशिदीत भिंतीला लावलेला दुआंचा तक्ता उर्दूत असतो आणि मोबाईलवर येतो तो रोमन अक्षरांत. पहिला वाचता येत नाही, दुसरा वाचला तरी उच्चार भलताच होतो, आणि अर्थ दोन्हीकडून हाती लागत नाही. इस्लाम नुकताच स्वीकारलेल्यांची अडचण तर याहून मोठी, कारण घरात विचारायलाही कोणी नसतं.

जिक्र या अरबी शब्दात आठवण ठेवणं आणि तोंडाने उल्लेख करणं, हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत त्याच्या सर्वांत जवळचा शब्द नामस्मरण. तो वापरायला मला काही अडचण वाटत नाही, फक्त जिक्र त्याहून पसरट आहे एवढं लक्षात ठेवावं. कुरआनची तिलावत (पठण) हा जिक्र, दुआ हा जिक्र, आणि नमाजही त्याच्यासाठीच. कुरआनच्या सूरह (अध्याय) ताहामध्ये अल्लाह मूसा (अलैहिस्सलाम) यांना सांगतो, ‘माझ्या आठवणीसाठी नमाज कायम कर’ (२०:१४). इथे मी लिहिते आहे ते त्यातल्या एका भागाबद्दल: छोटी, पुन्हा पुन्हा म्हणायची वाक्यं.

अटी जवळजवळ नाहीत

नमाजला वुजू (हात-पाय-तोंड धुऊन शुद्ध होणं) लागतं, किबला (काबाची दिशा) लागतो, वेळ लागते. जिक्रला यातलं काहीच सक्तीचं नाही. सूरह आले इमरानमध्ये (३:१९१) उभ्याने, बसून आणि कुशीवर पडून अल्लाहची आठवण करणाऱ्यांची वाखाणणी आहे. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा (रजि., म्हणजे अल्लाह त्यांच्यावर राजी असो) सांगतात की पैगंबर (स.) प्रत्येक अवस्थेत अल्लाहचा जिक्र करत. वुजू असेल तर उत्तमच, नसेल म्हणून थांबायचं नाही. शौचालयात मात्र तोंडाने म्हणायचं नाही.

बायका मला हळूच विचारतात म्हणून इथे उघडच लिहिते. पाळीच्या दिवसांत नमाज माफ असते, जिक्र बंद नसतो. तसबीह (सुब्हानल्लाहसारखे बोल मोजून म्हणणं), दरूद (पैगंबरांसाठीची दुआ), इस्तिगफार (क्षमायाचना), दुआ सगळं चालतं. कुरआनच्या तिलावतीबद्दल उलेमांची (धर्माच्या जाणकारांची) वेगवेगळी मतं आहेत, ते आपल्या जवळच्या जाणकार आलिमाला विचारावं. पण ‘या दिवसांत अल्लाहचं नावच घ्यायचं नाही’ ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यापायी महिन्यातले सहा-सात दिवस लागलेली सवय तुटते.

आधी चार वाक्यं, अर्थासकट

सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात हदीस आहे की अल्लाहला सर्वांत प्रिय बोल चार, आणि कुठल्याही बोलापासून सुरुवात केली तरी हरकत नाही.

सुब्हानल्लाह: अल्लाह प्रत्येक उणिवेपासून पाक आहे.
अल्हम्दु लिल्लाह: सारी स्तुती अल्लाहची.
ला इलाह इल्लल्लाह: अल्लाहशिवाय उपासनेला लायक कोणी नाही.
अल्लाहु अकबर: अल्लाह सर्वांहून थोर आहे.

आता उच्चार. इथे जरा थांबते, कारण देवनागरीत लिहिलेलं अरबी आपण मराठी सवयीने वाचतो आणि तिथेच घोटाळा होतो.

मराठीत शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा पाय आपण बोलताना मोडतो. ‘इलाह’ असं लिहिलेलं दिसलं की जीभ ‘इलाह्’ म्हणते. अरबीत तो ह पूर्ण आहे, पुढच्या शब्दाला जोडून म्हणायचा. पुढे येणाऱ्या ‘शरीक’मधला क आणि ‘अल्लाहुम्म’मधला म हेही तसेच पूर्ण.

‘सुब्हान’ आणि ‘अल्हम्द’ यांतला ह आपला ‘हात’मधला ह नव्हे. चष्म्याची काच पुसण्याआधी आपण तिच्यावर वाफ सोडतो, तेव्हा घशाच्या मधून जो आवाज येतो त्याच्या जवळचा आहे. ‘अल्लाह’च्या शेवटचा ह मात्र साधा.

‘अल्लाह’मधला ल कधी जाड, कधी पातळ. त्याच्या आधी ‘अ’ किंवा ‘उ’चा स्वर असेल तर जाड: सुब्हानल्लाह, अल्लाहु अकबर. आधी ‘इ’ असेल तर पातळ: बिस्मिल्लाह, अल्हम्दु लिल्लाह. जाड म्हणजे तोंड भरून, जिभेचा मागचा भाग वर उचलून. आपला ळ तिथे अजिबात आणायचा नाही.

अरबीतली पाच वेगवेगळी अक्षरं आपण एकाच ‘ज’ने लिहितो. त्यांतलं एक, ‘जलाल’ आणि ‘रजीम’मधलं, ‘जेवण’मधल्या ज सारखंच आहे. बाकीची चार शिकायला वेळ लागेल. तोवर त्यांच्यासाठी निदान ‘जेवण’मधला ज टाळावा. ‘जहाज’मधला ज त्या मानाने जवळचा आहे. ‘जिक्र’ म्हणताना आपली जीभ हमखास ‘जेवण’कडे जाते, कारण पुढे इ आहे.

आणि एक जपायची गोष्ट. ‘अकबर’ला ‘अकबार’ असं लांबवू नये, अर्थ पार बदलतो. ‘अल्लाह’चा पहिला अ ‘आ’ केला तर अरबीत त्याचा प्रश्न होतो. हे वाचून घाबरू नका. अडखळत, कष्टाने कुरआन वाचणाऱ्याला दुप्पट अज्र (मोबदला) आहे असं हदीसमध्ये आलं आहे. एखाद्या हाफिजासमोर (कुरआन तोंडपाठ असलेल्यासमोर) बसून ही चार वाक्यं म्हणून दाखवा. दहा मिनिटांत तो दुरुस्त करून देतो.

पहिली पायरी: रात्र

बरेच जण नवशिक्याला नमाजनंतरच्या तसबीहपासून सुरुवात करायला सांगतात. मी रात्रीपासून सांगते. पाच वेळच्या नमाजची घडी बसायची बाकी असेल, तरी झोपायला तर रोज सगळेच जातात. बिछान्यावर अंग टाकलं की सुरू करायचं, त्यासाठी वेगळी आठवण लागत नाही.

या तसबीहमागे एक घर आहे. पैगंबरांची (स.) लेक हजरत फातिमा (रजि.) स्वतः जात्यावर दळत. दळून दळून हाताला त्रास झाला होता. त्या सुमारास पैगंबरांकडे (स.) काही युद्धकैदी आल्याचं कळलं, तेव्हा घरकामाला एखादा माणूस मागावा म्हणून त्या गेल्या. वडील घरी नव्हते, म्हणून हजरत आयेशांकडे (रजि.) निरोप ठेवून परतल्या. रात्री त्या आणि त्यांचे पती हजरत अली (रजि.) अंथरुणावर पडलेले असताना पैगंबर (स.) आले. दोघं उठू लागले तर म्हणाले, राहा तिथेच. आणि दोघांच्या मध्ये बसले. अली (रजि.) सांगतात, त्यांच्या पायांचा गारवा मला छातीवर जाणवला. मग ते म्हणाले, तुम्ही मागितलंत त्याहून चांगलं सांगू का? अंथरुणावर पडलात की ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दु लिल्लाह आणि ३४ वेळा अल्लाहु अकबर म्हणा. नोकरापेक्षा हे तुमच्यासाठी बरं.

बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ही हदीस आहे. आपल्याकडे तिला तसबीहे फातिमा म्हणतात. माझ्या नानीने ती मला शिकवली तेव्हा हदीसचं नाव तिला माहीत नव्हतं, पण जात्याची गोष्ट पुरती माहीत होती. पहाटे उठून दळणाऱ्या बाईला ती कोणी समजावून सांगावी लागत नाही. नानी म्हणायची, काम कमी झालं नाही गं त्यांचं, पण बापाने येऊन मधे बसून सांगितलं ना.

हजरत अली (रजि.) पुढे म्हणत, तेव्हापासून मी हे कधी सोडलं नाही. कोणी विचारलं, सिफ्फीनच्या रात्रीही नाही? सिफ्फीन म्हणजे युफ्रेटिसकाठची सन ६५७ची ती भयंकर लढाई. ते म्हणाले, सिफ्फीनच्या रात्रीही नाही.

मोजायचं कसं? माळ शोधत बसू नका. उजव्या हाताच्या चार बोटांना प्रत्येकी तीन पेरं, म्हणजे बारा. अंगठा करंगळीच्या खालच्या पेरापासून वर सरकवत न्यायचा. चारही बोटांच्या दोन फेऱ्या म्हणजे चोवीस, आणि वर तीन बोटं म्हणजे नऊ. झाले ३३. अल्लाहु अकबरच्या वेळी चौथ्या बोटाचं एक पेर जास्त. दोन दिवसांत अंगठ्याला सवय होते आणि अंधारात, डोळे मिटूनही मोजता येतं. पैगंबरांनी (स.) बायकांना बोटांवर मोजायला सांगितलं होतं, कारण कयामतच्या दिवशी बोटांना विचारलं जाईल आणि त्यांना बोलतं केलं जाईल.

सगळं मिळून चार-पाच मिनिटं लागतात. पहिले दोन आठवडे एवढंच करा, दुसरं काही जोडू नका. मधेच झोप लागली तर लागू द्या.

दुसरी पायरी: नमाजनंतर

फर्ज (सक्तीच्या) नमाजचा शेवटचा सलाम फेरला की लगेच उठायचं नाही. तीन वेळा अस्तगफिरुल्लाह म्हणायचं, म्हणजे मी अल्लाहकडे क्षमा मागते. इबादत करून उठताना पहिला शब्द क्षमेचा का, हे मला सुरुवातीला कळत नसे. नमाजेत मन किती वेळा बाजारात जाऊन आलं ते मोजायला लागले, तेव्हा कळलं.

मग: अल्लाहुम्म अन्तस्सलामु व मिन्कस्सलामु, तबारक्त या जल्जलालि वल इक्राम. हे अल्लाह, तूच सलामती आहेस, सलामती तुझ्याकडूनच येते, हे प्रताप आणि सन्मानाच्या मालका, तू बरकतवाला आहेस.

त्यानंतर ३३ सुब्हानल्लाह, ३३ अल्हम्दु लिल्लाह, ३३ अल्लाहु अकबर. इथे तिसरं ३४ नाही, ३३च, आणि शंभरावं हे वाक्य: ला इलाह इल्लल्लाहु वह्दहू ला शरीक लहू, लहुल मुल्कु व लहुल हम्दु व हुव अला कुल्लि शैइन कदीर. अल्लाहशिवाय उपास्य नाही, तो एकटा, त्याला भागीदार नाही, राज्य त्याचं, स्तुती त्याची आणि तो प्रत्येक गोष्टीवर समर्थ आहे. रात्रीचा ३४ आणि नमाजनंतरचा ३३, यात नवशिक्यांची गल्लत होते म्हणून मुद्दाम सांगितलं. शंभरावं वाक्य पाठ होईपर्यंत कागदावर लिहून मुसल्ल्यात (नमाजच्या चटईत) घडी करून ठेवावं. आयतुल कुर्सी ही कुरआनची आयत (२:२५५) येत असेल तर तीही पढावी, झोपतानाही पढावी. येत नसेल तर महिनाभरात एक एक तुकडा करून येते.

नोकरीवर जोहर (दुपारची नमाज) घाईत होते, तेव्हा चालता चालता पूर्ण करा. सूरह जुमुआत (६२:१०) नमाज झाल्यावर जमिनीवर पसरा, अल्लाहची कृपा शोधा आणि अल्लाहची खूप आठवण करा, असं एकाच आयतीत आहे. कामधंदा आणि जिक्र तिथे शेजारी शेजारी ठेवले आहेत.

तिसरी पायरी: दिवसाच्या खाचाखोचा

हा भाग मला सर्वांत आवडतो, आणि तो शिकवावा लागत नाही, फक्त जागा दाखवाव्या लागतात.

डोळे उघडले की: अल्हम्दु लिल्लाहिल्लजी अह्याना बअद मा अमातना व इलैहिन्नुशूर. ज्याने मारल्यानंतर आम्हाला जिवंत केलं त्या अल्लाहची स्तुती, आणि त्याच्याकडेच उठून जायचं आहे. झोपताना: बिस्मिक अल्लाहुम्म अमूतु व अह्या. हे अल्लाह, तुझ्या नावाने मी मरते आणि जगते. झोपेला मरण म्हणणारी ही दोन वाक्यं दिवसाच्या दोन टोकांना येतात.

जेवताना बिस्मिल्लाह. विसरलात आणि मध्येच आठवलं तर बिस्मिल्लाहि अव्वलहू व आखिरहू, म्हणजे सुरुवातीलाही आणि शेवटीही अल्लाहच्या नावाने. शिंक आली की अल्हम्दु लिल्लाह, ऐकणाऱ्याने यर्हमुकल्लाह म्हणायचं, म्हणजे अल्लाह तुझ्यावर दया करो. राग चढला की अऊजु बिल्लाहि मिनश्शैतानिर्रजीम. अजान ऐकताना मुअज्जिन (अजान देणारा) म्हणेल ते म्हणत जायचं, फक्त ‘हय्य अलस्सलाह’ आणि ‘हय्य अलल फलाह’ या दोन्ही वेळी ला हौल व ला कुव्वत इल्ला बिल्लाह. अल्लाहशिवाय हालायचीही ताकद नाही, बळ नाही.

कोकणात राहणाऱ्यांसाठी खास. पैगंबरांचे साथीदार हजरत जाबिर (रजि.) सांगतात, आम्ही चढ चढताना अल्लाहु अकबर म्हणायचो आणि उतरताना सुब्हानल्लाह. ते वाळवंटातल्या प्रवासाबद्दल आहे, पण आंबा घाटातून किंवा कुंभार्ली घाटातून एसटीने जाताना याहून बरी आठवण नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढते तेव्हा अल्लाहु अकबर. माथा आला, कोकणाकडे उतार लागला, कान बंद व्हायला लागले की सुब्हानल्लाह. लहान मुलांना तर हे एकदा सांगितलं की पुढच्या वेळी तीच आपल्याला आठवण करून देतात.

भाकरी थापताना, भात लावताना, लोकलमध्ये उभ्याने जाताना: सुब्हानल्लाहि व बिहम्दिहि, सुब्हानल्लाहिल अजीम. अल्लाह पाक आहे त्याच्या स्तुतीसह, थोर अल्लाह पाक आहे. जिभेवर हलके, तराजूत जड आणि रहमानला (दयाळू अल्लाहला) प्रिय असे हे दोन बोल. इमाम बुखारींनी आपल्या हदीससंग्रहाचा शेवट याच हदीसने केला आहे.

मन लागत नाही, त्याचं काय

सगळ्यांचं असंच होतं. तोंड म्हणतं सुब्हानल्लाह आणि डोक्यात गॅस बंद केला का हे चालू असतं. त्यावर मला तीन गोष्टी उपयोगी पडल्या.

वेग कमी करणं. ‘सुब्हानल्लाह’चं ‘सुभनल्ला सुभनल्ला’ व्हायला लागलं की थांबायचं, एक श्वास घ्यायचा आणि पुढचं वाक्य सावकाश म्हणायचं.

प्रत्येक वाक्याला त्या दिवसातली एक गोष्ट जोडणं. अल्हम्दु लिल्लाह म्हणताना पहिली दहा खरोखर मोजून: पाणी आलं, मुलाचा ताप उतरला, बस मिळाली. दहांनंतर आपोआप पुढची सुचतात.

आणि संख्येच्या मागे न लागणं. पैगंबरांच्या पत्नी उम्मुल मोमिनीन (मोमिनांची आई) जुवैरिया (रजि.) फजर म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर आपल्या जागी बसून जिक्र करत होत्या. पैगंबर (स.) बाहेर गेले, ऊन चांगलं वर आल्यावर परतले, तरी त्या तिथेच. ते म्हणाले, तुझ्याकडून गेल्यावर मी चार बोल तीनदा म्हटले, तुझ्या आजच्या सगळ्या बोलांशी तोलले तर तेच भरतील: सुब्हानल्लाहि व बिहम्दिहि, अदद खल्किहि, व रिजा नफ्सिहि, व जिनत अर्शिहि, व मिदाद कलिमातिहि. त्याच्या निर्मितीच्या संख्येइतकी, त्याच्या स्वतःच्या राजीखुशीइतकी, त्याच्या अर्शच्या (सिंहासनाच्या) वजनाइतकी, त्याच्या शब्दांना लागणाऱ्या शाईइतकी त्याची पाकी आणि स्तुती. ज्या दिवशी वेळच नाही त्या दिवशी हे तीनदा म्हणा.

तरीही मन भटकलंच, तर जीभ थांबवू नका. निदान एक अवयव तरी आठवणीत आहे, हेही अल्लाहचं देणं.

तसबीहची माळ, मोठा आवाज आणि मतभेद

मण्यांची तसबीह वापरावी का? बहुतेक उलेमा ती जायज मानतात, बोटं अधिक चांगली असंही म्हणतात. ३३, ९९ किंवा १०० मण्यांच्या माळा मिळतात, बोटात घालायचा काउंटरही मिळतो. विसराळू माणसाला त्यांचा उपयोग आहे. फक्त चारचौघांत माळ फिरवताना आपण कोणासाठी फिरवतो आहोत, हे मनाला विचारत राहावं.

आवाजाबद्दल: प्रवासात साथीदार मोठमोठ्याने तकबीर (अल्लाहु अकबर) म्हणू लागले तेव्हा पैगंबर (स.) म्हणाले, स्वतःवर दया करा, तुम्ही बहिऱ्याला किंवा गैरहजर असलेल्याला हाक मारत नाही. कुरआनमध्येही (७:२०५) मनात, नम्रतेने, फार मोठ्याने न ओरडता, सकाळ-संध्याकाळ आठवण करायला सांगितलं आहे. दुसरीकडे सुफी सिलसिल्यांत (गुरु-शिष्य परंपरांत) जमून, एका सुरात जिक्र करण्याची जुनी रीत आहे. कादरी आणि चिश्तींकडे आवाजी जिक्र असतो, नक्शबंदी मनातल्या जिक्रवर भर देतात. दख्खनमध्ये ही परंपरा खोल आहे, खुलताबादला चिश्ती बुजुर्ग बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. काही उलेमा सामूहिक जिक्रच्या या पद्धती सुन्नतमध्ये (पैगंबरांच्या रीतीत) नाहीत म्हणून टाळायला सांगतात. नवशिक्याने या वादात पहिल्याच वर्षी उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एकट्याने, हळू आवाजात, हदीसमध्ये आलेले बोल म्हणण्याबद्दल कोणाचाही वाद नाही, आणि तेवढं करायलाच वर्ष पुरत नाही.

एका बाबतीत मात्र कडक राहा. ‘हा वजीफा (ठरावीक जप) अमुक हजार वेळा पढा, तीन दिवसांत काम होईल, एकवीस जणांना पाठवा, नाही पाठवलात तर नुकसान होईल’ असे संदेश मोबाईलवर येतात. पुढे पाठवू नका. हे कुठल्या हदीसमध्ये आहे, असं पाठवणाऱ्याला प्रेमाने विचारा. न पाठवल्याने कोणाचं वाईट होत नाही. भीती घालून करून घेतलेल्या जिक्रने मनाला चैन मिळत नाही, आणि कुरआन तर सांगतं की अल्लाहच्या आठवणीनेच मनं शांत होतात (१३:२८).

खंड पडला तर

पडणारच. पाहुणे येतात, मूल आजारी पडतं, रमजाननंतर ढिलाई येते. अल्लाहला सर्वांत प्रिय अमल (कृती) तो, जो थोडा असला तरी सतत असतो, ही हदीस ऐकून काही जण उलट निराश होतात: माझं सातत्य तर मोडलं. अशा वेळी राहिलेल्याचा हिशेब मांडून एका रात्रीत पाचशे-हजार भरून काढायला जाऊ नका. त्याने दोन दिवसांत पुन्हा सुटतं. जिथे सुटलं तिथून शंभरच.

रात्रीचा ठरलेला भाग झोपेमुळे राहिला तर त्याचीही सोय आहे. हजरत उमर (रजि.) यांनी सांगितलेली हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे: रात्रीचा आपला नेमलेला हिस्सा किंवा त्यातलं काही झोपेत राहून गेलं आणि ते फजर ते जोहरच्या दरम्यान पढलं, तर रात्रीच पढल्यासारखं लिहिलं जातं. तेव्हा सकाळी जाग आल्यावर आठवलं की काल अल्लाहु अकबरपाशीच झोप लागली होती, तर डबा भरता भरता, उजवा हात मोकळा झाला की, करंगळीच्या खालच्या पेरापासून उरलेले ३४ म्हणून टाका.